काळ्या रानातल्या पालाशाचा हिशेब

"काळ्या रानाला पालाश कशाला?" हा प्रश्न मराठवाड्यात प्रश्न म्हणून कुणी विचारतच नाही. (पालाश म्हणजे पोटॅश, नत्र आणि स्फुरदाच्या जोडीचं पिकाचं तिसरं मुख्य अन्नद्रव्य.) ते उत्तरच असतं. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागचा माणूस तेच सांगतो, गावातला जाणता शेतकरी तेच सांगतो, आणि मृदा आरोग्य पत्रिकेवरही पालाशापुढे बहुतेक वेळा 'जास्त' असंच छापलेलं असतं. कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी राज्यात सर्रास सांगितली जाणारी खताची मात्रा बघा. मध्यम जमिनीला हेक्टरी 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद. भारी जमिनीला 60 आणि 30. पालाशाच्या जागी दोन्हीकडे शून्य. तीच ज्वारी त्याच भारी जमिनीत ओलिताखाली घेतली की आकडे होतात 100:50:50. पाण्यावर उत्पादन वाढतं, उत्पादन वाढलं की गरज वाढते, हे कबूल. पण गरज शून्यावरून थेट पन्नासावर उडी मारत नाही. हे शून्य मोजून आलेलं कमी आणि गृहीत धरलेलं जास्त आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या शिवारात जे बदललं ते पाहता हे गृहीतक मोडीत काढायची वेळ आली आहे, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी त्या समजुतीतलं खरं काय ते मान्य करू. काळ्या मातीच्या नमुन्यात पालाश सापडतो, आणि चांगला सापडतो. हेक्टरी 400, 500 किलो असे आकडे परभणी, लातूर, बीड, जालन्याच्या अहवालांत काही नवलाचे नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रचलित प्रतवारीत 280 किलोच्या वर गेलं की 'जास्त' असा शेरा पडतो. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की 280 ची ही रेघ रेताड जमिनीला आणि चिकण जमिनीला एकच लावली जाते. आपल्या भारी जमिनीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, आणि ती चिकणमाती फुगणारी, आकसणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी असते. तिच्या कणांवर अन्नद्रव्यं धरून ठेवायच्या जागा अफाट असतात. त्या जागांवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठाण मांडून बसलेले असतात. चुनखडीयुक्त रानात तर विचारूच नका. हेक्टरी 400 किलो पालाश ऐकायला भरघोस वाटतो, पण अशा मातीत शंभर जागांपैकी जेमतेम एक जागा त्याच्या वाट्याला येते. हलक्या, रेताड जमिनीत 280 किलोवरही हा वाटा तीन-चार जागांचा असतो. मुळाला पालाश मिळतो तो कणावर चिकटलेला नव्हे, ओलीत उतरलेला. जागा जास्त आणि पालाश थोडा असेल तर माती तो घट्ट धरून ठेवते, ओलीत फारसा सोडत नाही. त्यामुळे दोन्ही पत्रिकांवर 'जास्त' लिहिलेलं असलं तरी दोन्ही रानांतल्या पिकाच्या तोंडी सारखाच घास पडत नाही.

दुसरी गोष्ट खडकाची. मराठवाड्याची बहुतेक माती बेसॉल्टपासून झालेली आहे, आणि या काळ्या खडकात पालाश मुळातच थोडा, बहुधा एक टक्क्याच्या आत. ग्रॅनाइटमध्ये तो चार-पाच टक्क्यांपर्यंत असतो. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली भागात ग्रॅनाइटी खडक वर आलेला आहे, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना मातीची कूळकथा वेगळी आहे. पंजाब-हरियाणाच्या गाळाच्या जमिनीत अभ्रकाच्या जातीची खनिजं भरपूर असतात. तिथल्या नमुन्यात उपलब्ध पालाश कमी दिसतो, पण पिकाने उचलला की खनिजाच्या थरांतून हळूहळू नवा सुटत राहतो. आपल्याकडे उलटं आहे. आपल्या जुन्या वाड्यांतल्या भाषेत सांगायचं तर पंजाबच्या घरात कणगी (धान्याची उभी टोपली) लहान, पण खाली पेव (धान्य साठवायचं भुयार) खोल. आपल्या घरात कणगी मोठी, पेव मात्र उथळ. माती परीक्षण कणगी मोजतं. पेवात काठी घालून कुणी पाहत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी आहे, उकळत्या नायट्रिक आम्लाची. ती काही नवी नाही, मृदशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते, पण शेतकऱ्याच्या पत्रिकेत तिचा रकाना नाही.

मग एवढी वर्षं ज्वारी पिकली कशी? कारण पालाश रानाबाहेर फारसा जात नव्हता. ज्वारीचा दाणा पालाशाच्या बाबतीत कंजूष आहे; एक टन दाण्यात तो साधारण साडेतीन-चार किलो भरतो. उरलेला, म्हणजे पिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा हिस्सा, ताटात (म्हणजे धांड्यात) आणि पानांत असतो. कडबा गोठ्यात जायचा, जनावर खायचं, आणि खाल्लेल्या पालाशाचा बहुतांश भाग मूत्रातून गोठ्याच्या मातीत उतरायचा. गोठ्यातली माती आणि शेण उकिरड्यावर, चुलीतली राख उकिरड्यावर, उकिरडा उन्हाळ्यात रानात. कुणी हे शास्त्र म्हणून करत नव्हतं. गोठा खणून ती माती रानात टाकायची म्हणजे काय करायचं हे माहीत असलेली पिढी अजून गावात आहे. गतकाळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. त्या काळची उत्पादनं तुटपुंजी होती आणि बाईमाणसाची पाठ त्या पाट्या वाहून मोडत होती. पण पालाशापुरतं बोलायचं तर चक्र पूर्ण होत होतं.

ते चक्र तीन ठिकाणी तुटलं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि गोठा ओस पडला. कडबा हे विकायचं पीक झालं. दुष्काळी वर्षात तर दाण्यापेक्षा कडब्याचा शेकडा काय भावाने गेला याचीच चर्चा पारावर जास्त असते. तो ट्रकमध्ये भरून जिथे दूधधंदा आहे तिथे जातो, आणि त्याच्यातला पालाश परत येत नाही. एक टन वाळल्या कडब्यात ढोबळमानाने 10 ते 15 किलो पालाश असतो. एकरी दोन टन कडबा निघाला तर वीस ते तीस किलो गेला. आता मघाचा आकडा घ्या. हेक्टरी 500 किलो उपलब्ध पालाश म्हणजे एकरी दोनशे. नुसत्या कडब्याच्या हिशेबाने हा वरच्या थराचा साठा सात ते दहा पिकांचा आहे. प्रत्यक्षात मुळं खालच्या थरांतूनही उचलतात आणि खनिजांतूनही थोडा सुटतो, म्हणून तो दहाव्या वर्षी संपत नाही. पण 'अखंड' म्हणावा असा तो नाहीच.

तिसरी तूट सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली गेलेली: सोयाबीन. लातूर, नांदेड, हिंगोली, परभणी, धाराशिवच्या खरिपातून ज्वारी हटली आणि तिची जागा सोयाबीनने घेतली. नत्राच्या बाबतीत सोयाबीन उदार असल्याचं आपण ऐकत आलो. पालाशाच्या बाबतीत ते चांगलंच खादाड आहे. एक टन सोयाबीनच्या दाण्यातून 18 ते 20 किलो पालाश बाहेर जातो. ज्वारीच्या दाण्याच्या जवळजवळ पाचपट. आणि हा दाणा थेट लातूरच्या आडतीवर आणि तिथून तेलाच्या कारखान्यात जातो; त्याच्यातला कण रानात परत येत नाही. भुसकट मळणीनंतर बांधावर ढीग करून पेटवलं जातं किंवा इंधन म्हणून विकलं जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी 30:60:30 आहे, म्हणजे तिथे पालाश सांगितलेला आहे. पण पेरणीला बहुतेक ठिकाणी पडते ती डीएपीची गोणी, 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरदाची, आणि तिच्यात पालाश शून्य. खरिपात सोयाबीन, मागे रब्बीत ज्वारी नाहीतर गहू, असं वर्षामागून वर्ष चाललं तर रब्बीच्या धान्याच्या वाट्याला काय उरतं, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

जबलपूरला 1972 पासून काळ्या जमिनीवर सोयाबीन-गहू या पिकांचा दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. अकोल्याला 1988 पासून ज्वारी-गहू. आपल्या परभणीतही असा प्रयोग आहे. एकाच तुकड्यात वर्षानुवर्षं तेच खत घालत राहायचं आणि मातीचं काय होतं ते पाहायचं, इतकं सरळ हे काम. नत्र आणि स्फुरदच देत राहिलेल्या तुकड्यांत उपलब्ध पालाश घटत जातो, ही त्यातून निघालेली गोष्ट आहे. म्हणजे उत्तर आपल्याच घरात आहे. शिफारशीच्या रकान्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

आता रब्बी ज्वारीकडे जरा नीट पाहू, कारण शून्याचा फटका तिला कसा बसतो हे फक्त मातीच्या आकड्यांतून कळत नाही. रब्बी ज्वारी वाढते ती साठवलेल्या ओलीवर. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी झाली की पुढे पावसाची आशा नसते. वरचा वीतभर थर वाळत जातो आणि मुळं ओल शोधत खाली उतरतात. पालाश मुळाकडे येतो तो ओलीतून, अगदी जवळच्या जवळ, मिलिमीटर मिलिमीटरने सरकत. जिथे तो जास्त आहे तो वरचा थर कोरडा, आणि जिथे ओल आहे तिथे तो कमी. डिसेंबरात पीक पोटरीत येतं (कणीस बाहेर पडायच्या बेतात असतं), तेव्हा गरज सर्वांत जास्त असते आणि नेमकं तेव्हाच वरच्या थरातलं काहीही पिकाच्या कामाचं राहत नाही. प्रयोगशाळा मात्र नमुना वरच्या वीतभरातूनच घेते, वाळवते, कुटते, पाण्यात-रसायनात हलवते आणि 'जास्त' म्हणते. ओल्या मातीत ते खरं आहे. पौषातल्या मातीत ते खरं नाही.

पालाश कमी पडल्याचं लक्षण खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसतं. टोकापासून कडेकडेने पिवळं पडत जातं, मग तांबूस होऊन करपतं, मधली शीर मात्र हिरवी राहते. हे दिसलं की आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. म्हणण्यात चूक नाही, कारण दोन्ही एकात एक गुंतलेलं आहे. पानाची छिद्रं उघडण्या-मिटण्याचं काम पालाशावर चालतं. तो कमी असला की आहे ती ओलही पीक नीट वापरत नाही. पण 'पाणी कमी' म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि पालाशाचं नाव निघत नाही. पुढे दाणा भरताना ताट खालून पोकळ होतं, खडखड्या येतो, वारा सुटला की रान लोळतं. खडखड्याला मूळ कारण बुरशी आणि शेवटची ओल तुटणं. त्यात नत्र जास्त आणि पालाश नाही अशी जोड मिळाली की ताटात दम उरत नाही. लोळलेल्या ज्वारीची काढणी किती जिकिरीची असते आणि मजूर त्या रानात यायला किती कुरकुरतात, हे ज्याने काढली त्याला विचारावं. कडब्याला बुरशी लागते ते वेगळंच.

गंमत म्हणजे पावसाचा खंड पडला की कृषी खातं आणि विद्यापीठ दोघंही 13:0:45 या पाण्यात विरघळणाऱ्या खताची एक टक्का फवारणी सांगतात. म्हणजे ताणात पिकाला पालाश लागतो हे मान्य आहे. सल्ला चांगलाच आहे, तग धरायला मदत होते. पण हिशेब करा: एकरी 200 लिटर पाण्यात दोन किलो खत, त्यात 45 टक्के पालाश, म्हणजे एक किलोसुद्धा नाही. टनभर ज्वारीच्या उत्पादनामागे पीक एकूण तीस-पस्तीस किलो पालाश उचलतं. फवारणी म्हणजे तातडीचा उपाय. तिच्यावर पिकाचं पोट भरत नाही. त्यातही दिवाळीनंतर गावोगाव फिरणारे विक्रेते विद्राव्य खतांच्या किलो-किलोच्या पिशव्या ज्या भावाने विकतात, तो भाव पाहिला की मातीतल्या शून्याची किंमत कोण मोजतंय ते कळतं.

सरकारची बाजूही पाहायला हवी. 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं किंमत नियंत्रण गेलं, युरियावरचं राहिलं. 2010 मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया वगळला. देशात पोटॅशच्या खाणी चालत नाहीत. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन इथून तो येतो आणि जगात युद्ध झालं की आपल्या गोणीचा भाव हलतो. 2022 च्या खरिपात पालाशावर किलोमागे 25.31 रुपये अनुदान होतं; 2023-24 च्या रब्बीत ते 2.38 रुपयांवर आलं. जागतिक भाव उतरला होता हे खरं, पण इतका नव्हता की शेतकऱ्याला त्याचा फरकच जाणवू नये. त्या 2022 मध्ये पोटॅशची 50 किलोची गोणी 1,700 रुपयांपर्यंत गेली होती. शेजारीच युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना. या दोन गोण्यांसमोर उभ्या राहिलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणीतरी येऊन सांगतं की काळ्या रानाला पालाश लागत नाही. त्याला ते ऐकायला बरं वाटतं, दुकानदाराला सोयीचं असतं, आणि तिजोरीला तर फारच. कुणाच्याच फायद्याचं नसलेलं सत्य गावात टिकत नाही. सगळ्यांच्या सोयीचा समज मात्र पिढ्यान्पिढ्या टिकतो.

याला विरोध करणारे काही मित्र मातीचेच जाणकार आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. ते म्हणतात, काळ्या जमिनीत पालाश देऊन उत्पादन वाढलंच नाही असे प्रयोग कितीतरी आहेत. आहेत. कोरडवाहू रानात पहिली अडचण ओलीची, मग नत्राची, मग जस्त आणि गंधकाची. त्या दूर केल्याशिवाय पालाशाने काय होणार? बरोबर. पण यातले बरेच प्रयोग ज्या काळातले आहेत तेव्हा कणगी भरलेली होती, कडबा गावातच राहत होता, सोयाबीन आलं नव्हतं. आणि प्रतिसाद मोजला जातो तो बहुधा दाण्यात आणि एका हंगामात. ताट लोळलं का, कडबा किती भरला, खंडाच्या वर्षी काय झालं, हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून सरसकट एकरी अमुक किलो पोटॅश टाका असं सांगणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. ज्या रानात गोठ्याचं खत पडतं, कडबा बाहेर जात नाही, त्या रानाला अजून बरीच वर्षं काही घालावं लागणार नाही. ज्या रानातून वीस वर्षं सोयाबीन आणि कडबा दोन्ही गेले आणि आत डीएपी-युरियाच गेला, तिथे शून्य सांगणं मात्र शास्त्राच्या नावावरची बेफिकिरी आहे. दोन्ही रानांच्या पत्रिकेवर आज एकच शेरा येतो. कोरडवाहू भागात तर दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यायची पद्धत आहे. त्या चौकटीत ही दोन्ही रानं असू शकतात.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तिथे मराठवाड्याच्या हातात एक गोष्ट आहे जिच्याकडे आपण दुर्गंधी म्हणून पाहतो. ऊस जमिनीतून पालाश प्रचंड उचलतो. तो साखरेत जात नाही, मळीत जातो, मळीतून आसवनीच्या (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याच्या) सांडपाण्यात. हे सांडपाणी आटवून जाळलं की राहणाऱ्या राखेतून पालाशाचं खत होतं. केंद्राने 2021 मध्ये ते अनुदानाच्या यादीत घेतलं. त्यात किमान 14.5 टक्के पालाश असावा लागतो. जानेवारी 2024 मध्ये कारखाने आणि खत कंपन्या यांच्यातला दर टनाला 4,263 रुपये ठरला, वर टनामागे 345 रुपये अनुदान. लातूर, धाराशिव, बीड, जालना या जिल्ह्यांत कारखाने आहेत, आसवन्या आहेत, आणि त्यांना वेढून कोरडवाहू ज्वारीची रानं आहेत. बागायतीच्या रानातून निघालेला हा पालाश गावाच्या हद्दीतच कोरडवाहूकडे वळवता येईल. कॅनडाहून जहाजाने येणाऱ्या लाल पोटॅशला पूर्ण पर्याय तो होणार नाही, पण जहाजाचं भाडं तरी त्यावर नाही. प्रश्न इतकाच की त्या राखेचं खत गावच्या सोसायटीत मिळत का नाही. राज्य सरकार, साखर आयुक्तालय आणि कारखान्यांचे अध्यक्ष (जे बहुधा एकाच सभागृहात बसलेले असतात) यांनी ठरवलं तर एका हंगामात ते मिळू शकतं.

शिफारशीचं काम परभणीच्या विद्यापीठाचं आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राचं. पत्रिकेवर चिकणमातीचं प्रमाण छापावं आणि पालाशाचा शेरा त्यावरून द्यावा. 280 ची एकच रेघ भारी जमिनीला लावू नये. गावागणिक निदान काही नमुने खालच्या हातभर थरातून घ्यावेत आणि त्यांची पेवाची चाचणी करावी. आणि शेतकऱ्यांच्या रानात, ज्वारीतच, शेजारी शेजारी पट्टे टाकून पाहावं: एका पट्ट्यात नेहमीचं खत, दुसऱ्यात त्याच्यासोबत पालाश. तो पसरून देऊ नये, कारण वाळणाऱ्या थरात पसरलेला पालाश ज्वारीला मिळत नाही. बी आणि खत वेगवेगळं पेरणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली ओलीत पेरावा. शेतीशाळेत एरवी दुपारभर भाषणं होतात, त्याऐवजी काढणीच्या दिवशी कृषी सहायकाने वजनकाटा घेऊन यावं. दाणा दोन्ही पट्ट्यांचा वेगळा मोजावा, कडब्याच्या पेंढ्याही वेगळ्या तोलाव्यात, आणि दर पट्ट्यात लोळलेली ताटं किती हे गावासमोर मोजावं. एकाच हंगामावर निकाल लावू नये. पावसाच्या खंडाचं एक वर्ष त्यात सापडेपर्यंत हे चालू ठेवावं.